जंग नेमकी कधी लागली?

आमच्या बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांवर सौदीला माणूस न गेलेलं घर शोधून सापडायचं नाही. पण जाणाऱ्यांचे प्रकार दोनच. एक कामाला जाणारे आणि दुसरे हज-उमऱ्याला, म्हणजे मक्क्याच्या यात्रेला जाणारे. पहिले ब्लँकेटं आणि अत्तरं घेऊन परततात, दुसरे जमजमचं पाणी आणि खजूर. मी आणि माझी मा, म्हणजे आई, या दोन्हींत बसत नव्हतो. आम्ही तबूकला चाललो होतो. शेजारच्या हलीमानं विचारलं, "तबूकला काय हाय गो?" मी म्हटलं, "इकबाल हाय." निघताना मला तबूकबद्दल खरोखर तेवढंच ठाऊक होतं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईनं हे कबूल करू नये, पण आहे ते आहे.

इकबाल माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षं तबूकच्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला. आता तिथल्या सरकारनं ठरवलं की या दुकानांत आपल्याच देशाची माणसं हवीत. आधी मोबाइलवाले गेले, मग कपडेवाले, मग याची पाळी आली. त्याचा फोन आला, "आपा, यायचं असेल तर आत्ता या. दोन महिन्यांनी ना कफील, ना इकामा, ना मी. खलास." कफील म्हणजे तिथला हमीदार मालक, इकामा म्हणजे राहायचा परवाना. इकबालनं व्हिसा पाठवला, आणि आम्ही निघालो. मा पंच्याऐंशीची, मी साठी ओलांडलेली.

निघायच्या आदल्या दिवशी मानं बॅगेचं कुलूप लावता लावता सांगितलं, "पोराला बघाया चाललंय. बघीन नि परत येईन. मक्क्याला मी जानार नाय."

सौदीपर्यंत जाऊन मक्क्याला न जाणारी मुसलमान म्हातारी कुणी पाहिली नसेल. पण मला कारण माहीत होतं, कारण ते कारण मीच होते.

झालं होतं ते असं. माचे आजोबा हसनआबा आगबोटीवर खलाशी होते. गावातल्या महालदारांच्या घरचे म्हातारे हज करायचा राहून वारले. आमच्यात मेलेल्याच्या वतीनं दुसऱ्याला हज करता येतो, त्याला बदली हज म्हणतात. फक्त जाणाऱ्यानं आधी स्वतःचा केलेला असावा लागतो. हसनआबांचा झालेला होता, म्हणून महालदारांनी हे काम विश्वासानं त्यांच्यावर सोपवलं. साल १९१४. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात आबा घरातून निघाले ते परतलेच नाहीत. वर्षभरानं तीन-चार हातांतून फिरत एक चिठ्ठी आली. कुणाकडून तरी लिहून घेतलेली, तारीख नसलेली. "जंग लागल्याची खबर आली आहे. जद्द्याहून जहाजं बंद झाली. मी मदिन्याकडे निघतो. दुवा करा." आणणाऱ्यानं आबांना पाहिलंही नव्हतं. त्याला एवढंच सांगितलेलं, की चिठ्ठी लिहिल्यावर महिन्याभरात हा माणूस मदिन्यात तापानं गेला. हज झाला की नाही, याचा चिठ्ठीत एक शब्द नव्हता.

दोन्ही घरांनी ते अल्लावर सोडलं होतं. मग मी शिक्षिका झाले. चाळीस वर्षांपूर्वी एके दिवशी उस्मानचाचा महालदार, ज्यांच्या आजोबांचा तो हज, शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, तू शिकलेली. सांग बघू, जंग कधी लागली?" मी मोठ्या ठसक्यात पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. जुलैच्या अखेरीस सुरुवात, ऑगस्टमध्ये इंग्रज उतरले. चाचांनी मुंबईहून जुनी जंत्री मागवली. त्या साली ऑगस्टात रमजान होता. म्हणजे चिठ्ठी रमजानातली, महिन्याभरात माणूस मेला, आणि हज तर रमजाननंतर दोन महिन्यांनी. सरळ हिशेब. हज झालाच नव्हता. चाचांनी मशिदीच्या ओट्यावर दहा माणसांत सांगितलं, "मी नाय बोलत, त्यांच्याच घरची मास्तरीण बोलते."

त्या दिवसापासून दोन घरांचं येणं-जाणं बंद. मा मला एका शब्दानं रागावली नाही. तिनं फक्त आजोबांचं नाव घ्यायचं सोडलं. कुणी उमऱ्याचा विषय काढला की म्हणायची, "परक्याचा हज आमच्या मानेवर हाय. काब्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

तबूक

वाळवंट म्हणजे भट्टी, या समजुतीनं आम्ही दोन सुती साड्या आणि एकेक शाल घेऊन उतरलो. बाहेर आमच्या महाबळेश्वरलाही लाजवील अशी थंडी. मा इकबालच्या चामड्याच्या कोटात शिरली ती पंधरा दिवस त्यातच राहिली. दुरून एखादा बुटका फौजदार चालल्यासारखी दिसायची.

त्याआधी विमानतळावर एक प्रसंग झाला. मानं लेकासाठी सुके बोंबील आणले होते, सात पिशव्यांत गुंडाळून. तपासणीवाल्या तरुणानं एकेक पिशवी सोडली. पाचवीनंतर त्याचा चेहरा बदलला, सातवीला तो दोन पावलं मागं सरला. मी शरमेनं अर्धी झाले. मा मात्र पुढे होऊन त्याला समजावू लागली, "भाजून खा बाबा, वर तेल टाक." त्याला भाषा कळेना, पण म्हातारी काहीतरी खायला सांगते आहे हे कळलं असावं. हसला, पिशव्या स्वतःच्या हातानं परत बांधल्या आणि म्हणाला, "यल्ला, हज्जा." यल्ला म्हणजे चला, आणि तिकडे वयस्क बाईला मानानं हज्जा, म्हणजे हाजी बाई म्हणतात. मा खाली बघत बॅग ओढू लागली.

दुसऱ्या दिवशी मी इकबालच्या दुकानात गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले होते. त्याच्या खुर्चीवर बसणारी मुलगी मला बघायची होती. तिचं नाव नूफ. चोविशीची, काळ्या अबायात, डोळे तेवढे दिसणारे. इकबाल तिला चष्म्याची काडी गरम करून कशी वाकवायची ते शिकवत होता. स्वतःच्या पोटावर पाय देणारीला हा माणूस चार महिने धंदा शिकवतो आहे! मी मराठीत म्हटलं, "छान. साप पाळ आणि दूधही पाज."

"आपा, मुलूख तिचा हाय," तो काडीवरची नजर न काढता म्हणाला. "बावीस वर्षं त्यांनी मना काम दिला. आता त्यांच्या पोरांना नको?"

नूफला आमचं बोलणं कळलं नसावं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, मे आय?" आणि माझ्या नाकावरचा चष्मा उतरवून घेतला. तो तीन वर्षं डावीकडे कललेला होता. वाचताना मी मानच कलती धरायला शिकले होते. तिनं काड्या गरम हवेवर धरल्या, अंगठ्यानं अलगद दाबल्या, माझ्या कानामागे बोट फिरवून पाहिलं, पुन्हा दाबल्या. घातला तो असा बसला की मला वाटलं नाकावर काही नाहीच. इकबाल लांबून बघत होता. "कोणी शिकवलंय?" म्हणाला. राग ठेवायचा तर ठेवायला जागा हवी ना.

निघताना नूफ म्हणाली, उस्तादांची आई गावात आली आणि आमच्या घरी जेवली नाही, असं वडील होऊ देणार नाहीत. उस्ताद म्हणजे आमचा इकबाल. घरी आम्ही त्याला बावळट म्हणत असू.

त्या घरात बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी. जमिनीवर गालिचे, पाठीला लोड, मधोमध शेगडी. नूफच्या आईनं वेलदोडे घातलेली पिवळसर कॉफी ओतायला सुरुवात केली. बोटभर पेला, आणि रिकामा झाला की पुन्हा भरायचा. पेला हलवल्याशिवाय ती माणसं ओतायची थांबत नाहीत हे आम्हाला कोण सांगणार? आपल्याकडे अन्न नाकारणं वाईट, म्हणून मा पीत राहिली. नवव्या पेल्याला तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून किटली धरली. मग हसण्याला सुमार राहिला नाही, आणि परकेपणा गेला तो गेलाच. जेवायला एक थोरलं ताट, त्यात भाताचा डोंगर आणि वर बकऱ्याची सबंध मांडी आणि मुंडी. नूफची आई हातानं मऊ मऊ तुकडे तोडून माच्या पुढ्यात सारत होती. आमच्याकडे पाहुण्याला माशाचं डोकं देतात तसं त्यांनी मग बकऱ्याच्या गालाचं मांस काढून दिलं. माला दात चारच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरच्या सुनेनंही माझ्यासाठी इतकं मऊ कधी वेचलं नाही, असं ती माझ्या कानात म्हणाली. सुनेच्या बाबतीत हे साफ खोटं आहे, पण प्रसंगच तसा होता.

जेवण झाल्यावर नूफचे वडील, त्यांना सगळे अबू माजिद म्हणत, दारापर्यंत आले. एरवी आले नसते, पण एवढ्या म्हाताऱ्या बाईला सलाम न करता कसं राहायचं! उंच, पांढरी दाढी, हातात काठी. नूफनं ओळख करून दिली. वडील निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. मी ताठ बसले. समव्यवसायी भेटला म्हटल्यावर दोन शब्द बोलावेत म्हणून मी तोंड उघडणार, तोच मा दारापलीकडच्या इकबालला मोठ्यानं म्हणाली, "तो इतिहासाचा मास्तर हाय ना? मग त्याला इचार. जंग कधी लागली?"

मला ते लागलं. बत्तीस वर्षं शिकवलेली मुलगी शेजारी बसलेली असताना हिनं परक्या माणसाला विचारावं! इकबालनं आपल्या दुकानदारी अरबीत सगळी हकिगत सांगितली, अडेल तिथं नूफनं इंग्रजीतून माझ्याकडून समजून घेतली. चिठ्ठीचे शब्द मला पाठ होते. ते मी दोनदा सांगितले. अबू माजिद काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. जहाजांचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी स्टेशनवर या. तिथं सांगतो."

स्टेशन

तबूकला आता रेल्वे नाही, पण स्टेशन आहे. तुर्कांनी दमास्कसहून मदिन्यापर्यंत नेलेल्या लोहमार्गावरचं. पिवळ्या दगडांच्या बैठ्या इमारती, एका छपराखाली जुनं इंजिन, आता सगळ्याचं संग्रहालय केलेलं. आम्हाला नूफनंच गाडीनं नेलं. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती वळणावर इतकी काळजीपूर्वक वळायची की मागचे सगळे भोंगे वाजवायचे, आणि ती प्रत्येक भोंग्याला हात हलवून आभार मानायची.

अबू माजिद आम्हाला फलाटाच्या दगडी कठड्यावर बसवून स्वतः उभे राहिले. शिक्षकाची सवय, मी लगेच ओळखली. ते अरबीत बोलत, इकबाल आम्हाला मराठीत सांगे.

"तुमच्या आजोबांनी लिहिलंय, जद्द्याहून जहाजं बंद झाली," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये ती का बंद होतील? जद्दा तेव्हा कुणाचं? तुर्कांचं. आणि ऑगस्टमध्ये तुर्क कुठं लढत होता? लढत होते ते जर्मन, फ्रेंच, इंग्रज. इथं त्या रमजानात लोक रोजे धरत होते, आणि हाजींची जहाजं येत होती."

मी म्हटलं, "पण युद्ध तर जुलैअखेरीस..."

"ते युरोपचं, उस्तादा," ते म्हणाले. शिक्षक बाईला उस्तादा म्हणतात. "आमच्याकडची जंग नंतर लागली."

मग त्यांनी काठीच्या टोकानं फलाटाच्या धुळीत रेघा ओढल्या. तुर्कांच्या आरमारानं काळ्या समुद्रात रशियाच्या बंदरांवर अचानक तोफा डागल्या, तिथून सुरुवात. आठवड्याभरात इंग्रजांनी तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारलं. लगेच हिंदुस्थानातून निघालेली फौज आखाताच्या टोकाशी इराकच्या किनाऱ्यावर उतरली आणि थोड्याच दिवसांत बसरा पडलं. त्या पहिल्या तुकडीत मराठा पलटणही होती, हे मला माहीत होतं. मी ते त्यांना सांगितलं आणि त्यांना ते ऐकून फार नवल वाटलं. नंतर हिवाळ्यात मदिन्याकडची तुर्की फौज याच रुळांवरून वर गेली, याच फलाटापुढून, सुवेझच्या कालव्यावर हल्ला करायला. पलीकडच्या काठावर खंदकांत इंग्रजांच्या बाजूनं बसलेले बहुतेक हिंदुस्थानी शिपाई. हल्ला फसला. "दोन बादशाह्या भांडल्या," अबू माजिद म्हणाले, "आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंनी मेले ते गरीब घरचे."

नूफ तोवर मोबाइलवर इंग्रजी तारखांच्या हिजरी तारखा काढत होती. तिनं वर पाहिलं आणि वडिलांना काहीतरी सांगितलं. ते हसले. "माझ्या मुलीला सांगू द्या."

नूफ माझ्यासमोर उकिडवी बसली. "मॅडम, काळ्या समुद्रावर तोफा डागल्या तो दिवस आणि त्या वर्षीचा अरफातचा दिवस, दोन्ही जवळजवळ एकच. हाजी अरफातच्या मैदानात उभे होते तेव्हा जंग तिकडं नुकती पेटत होती. इथं खबर पोचेपर्यंत हज संपलेला होता."

अरफातच्या मैदानात उभं राहणं म्हणजेच हज. बाकी सगळं आगेमागे.

माझं पुस्तक खोटं नव्हतं. मी त्यातली युरोपची तारीख उचलली आणि हिजाजमध्ये, म्हणजे मक्का-मदिन्याच्या मुलखात अडकलेल्या खलाशाच्या गळ्यात बांधली. तीच तारीख मी बत्तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतली होती आणि चुकली तर छडी मारली होती.

मानं सगळं ऐकून इकबालला एकच विचारलं, "म्हंजे हज झाला?"

अबू माजिद नीट विचार करून बोलले. "झाला की नाही ते अल्ला जाणे. मी एवढंच सांगू शकतो, की हजच्या दिवशी इथं जंग नव्हती, वाट मोकळी होती, आणि खबर आली तेव्हा तुमचे आजोबा या मुलखात होते, जिवंत होते. दुसऱ्याचा हज करायला आलेला माणूस त्या दिवशी आणखी कुठं असेल?"

मा कोटाच्या बाहीनं डोळे पुसत म्हणाली, "हसन. माझ्या आज्याचा नाव हसन." चाळीस वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलं. मी त्या परक्या म्हाताऱ्यापुढे हात जोडले. दुसरं काय करणार?

इकबालनं लगेच टाळी वाजवली. "झाला तर मग! यल्ला, मक्क्याला जाऊ."

"नाय," मा म्हणाली. "मी मानून काय उपेग? ज्यांचा हज त्यांनी मानाया पायजे. उस्मानला सांगाया पायजे." आणि माझ्याकडे वळून, "नि सांगायचा तू. चूक तुझी हाय."

तैमा, अल उला

इकबालनं रजा घेतली आणि आम्ही गाडीनं दक्षिणेला निघालो. फोन आज करते, उद्या करते, असं माझं चाललं होतं. तैमाला म्हटलं रेंज नाही. रेंज होती. अल उलाला म्हटलं आत्ता गावात दुपार, चाचा झोपले असतील. उस्मानचाचा अठ्ठ्याऐंशीचे, तापट म्हणून पंचक्रोशीत नाव. चाळीस वर्षं ज्या माणसाला मी बरोबर ठरवलं त्याला आता 'तुम्ही चुकलात, आणि माझ्यामुळे चुकलात' असं सांगायचं, या विचारानंच मी इकबालचा फोन हातात घेऊन परत द्यायचे. शाळेत मुलांना चूक कबूल करायला उभं करणं सोपं असतं.

मुलूख मात्र असा, की मनातली कटकट विसरून बघत राहावं. लाल खडकांचे सुळके, वाऱ्यानं कोरलेले, आणि मधूनच खजुरीच्या बागांची हिरवी पट्टी. अल उलाची संत्री आपल्या नागपुरीच्या पासंगाला पुरत नाहीत असं मी एका बागवाल्याला सांगून पाहिलं. त्यानं वाद न घालता अर्धी पेटी गाडीत ठेवली आणि काही घेतलं नाही. पुढं मी तुलना करणं कमी केलं.

वाटेत ठिकठिकाणी जुन्या लोहमार्गाची पडकी स्टेशनं लागतात. एका ठिकाणी वाळूत कलंडलेलं इंजिन दिसलं. जवळून पाहायचा हट्ट माझाच, त्यामुळे गाडी मऊ वाळूत रुतली तो दोषही माझाच. इकबालनं चाकांखाली पायपुसणी घातली, मग स्वतःचा शर्ट घातला. गाडी आणखी खाली गेली. तासाभरानं एक उंटवाला बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीतला माणूस, पिकअप घेऊन आला, काही न विचारता दोर बांधला, पाच मिनिटांत ओढून काढलं आणि वर एका वाडग्यात उंटिणीचं दूध दिलं. मानं ते सगळं संपवलं. त्याचे परिणाम पुढल्या दोन पेट्रोल पंपांवर आम्ही भोगले. तो मात्र नावही न सांगता निघून गेला. त्याच्यासाठी मी अजून दुवा मागते.

मदिना

मदिन्याला पोचलो तेव्हा माला ताप होता. साधा प्रवासाचा, पण हसनआबा इथंच तापानं गेले होते, आणि तिच्या मनात तेच असणार. इकबालच्या ओळखीनं एका सरकारी दवाखान्यात गेलो, तिथं डॉक्टरीणबाई निघाल्या साताऱ्याच्या. मराठी ऐकल्यावर माचा अर्धा ताप तिथंच उतरला. उरलेला दोन दिवसांत गोळ्यांनी उतरवला. त्या दोन दिवसांत मी तिच्या उशाशी बसून एकच उमगलं, की हिला काही झालं तर मी ते ओझं तिच्याबरोबर मातीत घातलेलं असेन. आता पळवाट नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बकीच्या भिंतीशी गेलो. मदिन्यातलं जुनं कब्रस्तान. बायकांना आत जाऊ देत नाहीत, बाहेरूनच सलाम करायचा. आत ना दगड, ना नाव. नुसती माती आणि कबुतरं. आबा इथंच असणार असं आम्ही धरून चाललो. मा भिंतीला हात लावून उभी राहिली. मी इकबालचा फोन घेतला आणि गावचा नंबर लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, कारण मग मला मागं फिरता आलं नसतं.

"चाचा, मी मरियम. मदिन्याहून बोलते."

"काय गो बाय? सगले बरे ना?" आवाज थरथरता, पण करडा.

"बरे आहेत. चाचा, तुम्ही शाळेत येऊन मला विचारलं होतंत, जंग कधी लागली. मी चुकीचं सांगितलं." आणि मग न थांबता सगळं सांगून टाकलं. तुर्कांची जंग, जहाजं, अरफातचा दिवस. "चूक तुमची नाही, माझी. हसनआबा हजच्या वेळी इथंच होते. त्यांनी तुमच्या आजोबांचा हज केला असणार. मला माफ करा."

मग चाचा म्हणाले, "मग माझ्या आज्याचे दोन झाले."

"दोन?"

"मी दुसऱ्यांदा हजला गेलेलो ना, तू सांगितलास त्याच्या दहा-बारा वर्षांनी? गाव बोलला, उस्मानला हौस. हौस कसली. आज्याच्या नावानं केला मी. बोललो नाय कुनाला. आधीच मशिदीच्या ओट्यावर जास्ती बोललेलो. तुमच्या घराची आनखी नाचक्की कशाला?"

मा भिंतीवरचा हात काढून फोनजवळ सरकली.

"आज्याला दोन काय करायचेत?" ते म्हणाले. "हसनचा हज हसननं केला, तो आज्याला पोचला. मी केला तो हसनला. अल्लाकडं मी बोलीन तसा. परमुलखात मेला बिचारा, आमचाच काम करून."

मानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. दोघं एकाच मदरशात शिकलेली, आणि चाळीस वर्षांत एकमेकांशी बोललेली नव्हती.

"उस्मान, मी फातमा."

"हां. बोल."

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. इकबाल दुसरीकडं बघत नाक पुसत होता. शेवटी ती म्हणाली, "उद्या मक्क्याला चाललंय. तुझ्यासाठी काय मागू?"

चाचांनी मनापासून विचार केला. "गुडघे माग," म्हणाले. "मशिदीच्या पायऱ्या चढवत नाय."

मक्का

या गावाबद्दल मी जास्त लिहीत नाही. गेलेल्यांना सांगायला नको, न गेलेल्यांना सांगून कळायचं नाही. एवढंच सांगते. इकबाल माची चाकाची खुर्ची ढकलत होता. आत शिरायच्या दाराशी तिनं त्याला थांबवलं, माझा हात धरला आणि म्हणाली, पायांनी जाईन. कोट तिनं खुर्चीत काढून ठेवला. आम्ही एकेक पाऊल टाकत आत गेलो. काबा पहिल्यांदा नजरेस पडतो त्या क्षणी जे मागाल ते मिळतं, असं आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. माणसं त्या क्षणासाठी महिनोन्महिने यादी करतात. मीही केली होती, इकबालच्या पुढच्या नोकरीपासून. समोर दिसल्यावर माझी यादी कुठं गेली ती गेली, मी नुसती रडत राहिले.

मानं हात वर केले होते. डोळे मिटलेले, ओठ भरभर हलत होते. तिचं आटोपल्यावर मी विचारलं, "आधी काय मागितलंस?"

"उस्मानचे गुडघे," ती म्हणाली. "मग बाकीचा."